आजारी घराचा आधार : संत व्हिन्सेंट दि पॉल

ज्या घरांत आई किंवा बाप दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळतो, त्या घरांत आजारी माणूस एकच नसतो. सारें घरच आजारी पडतें. चूल वेळेवर पेटत नाहीं, मुलांच्या शाळेचा व जेवणाचा मेळ राहत नाहीं, मिळकत थांबते आणि खर्च मात्र वाढत जातो. डॉक्टर रोग्याची नाडी पाहतो. पण त्या घराची नाडी कोणीं पाहावी? आमच्या धर्मग्रामाच्या या ज्युबिली महोत्सवाच्या स्मरणिकेसाठीं कोणा पुण्यपुरुषाचें चरित्र लिहावें, असा विचार करतांना हाच प्रश्न आमच्या मनांत वारंवार आला, आणि सुमारें चारशें वर्षांपूर्वीं फ्रान्स देशांतील एका लहानशा गांवांत ज्यांनीं त्याचें उत्तर शोधून काढलें, ते संत व्हिन्सेंट दि पॉल डोळ्यांपुढें उभे राहिले. त्यांचें नांव आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु त्यांच्या एवढ्या मोठ्या कार्याचा उगम एका आजारी कुटुंबाच्या दारांत झाला, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. तीच येथें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

व्हिन्सेंट यांचा जन्म फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत, दाक्स शहराजवळच्या पुई नांवाच्या खेड्यांत, १५८१ सालच्या सुमारास झाला. आईबाप कष्टाळू शेतकरी होते. सहा मुलांत व्हिन्सेंट तिसरे. लहानपणीं बापाचीं गुरेंमेंढरें राखण्याचें काम त्यांच्याकडे असे. मुलाची बुद्धि तल्लख आहे असें पाहून बापानें त्यांस दाक्स येथें फ्रान्सिस्कन धर्मबंधूंकडे शिकावयास ठेविलें, आणि पुढें तुलूझ येथील विद्यापीठाच्या खर्चासाठीं गोठ्यांतील बैलांची जोडी विकली असें सांगतात. ज्या शेतकऱ्यानें बैल विकले त्यानें आपला उजवा हातच विकला, हें आपल्या शेतकरी बांधवांस निराळें सांगावयास नको.

दाक्स येथें शिकत असतांना घडलेली एक गोष्ट व्हिन्सेंट यांनीं वृद्धपणीं मोठ्या पश्चात्तापानें आपल्या सोबत्यांस सांगितली होती. एके दिवशीं त्यांचा बाप त्यांस भेटावयास आला. अंगावर जाडेभरडे कपडे, पाय अधू, चालणें लंगडत. अशा बापाचा मुलगा म्हणून चारचौघांत दिसण्याची त्यांस लाज वाटली, आणि ते भेटीसाठीं बाहेर आले नाहींत. बापानें काय समजावयाचें तें समजून घेतलें असेल. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. कारण ज्यांनीं पुढें सहस्रावधि दुबळ्या आईबापांच्या उशाशीं बसण्यास लोकांस शिकविलें, त्यांस आरंभीं स्वतःच्या बापाचा दुबळेपणा सोसवला नव्हता.

ता. २३ सप्टेंबर १६०० रोजीं त्यांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. तेव्हां त्यांचें वय अवघें एकोणीस वर्षांचें, म्हणजे ख्रिस्तसभेनें ठरविलेल्या वयाहून बरेंच कमी होतें. संतपण कोणी आईच्या पोटांतून घेऊन येत नाहीं. तरुण व्हिन्सेंट यांच्या मनांतहि, चांगल्या उत्पन्नाची एखादी जागा मिळवावी, घरच्यांचें दारिद्र्य दूर करावें व सुखानें राहावें, हीच आकांक्षा होती. १६१० सालीं पॅरिसहून आईस लिहिलेल्या पत्रांत, लवकरच कांहीं सोय होईल व उरलेलें आयुष्य तिच्याजवळ घालवितां येईल, अशी आशा त्यांनीं व्यक्त केली आहे. परंतु परमेश्वराची योजना वेगळी होती. १६१२ सालीं पॅरिसजवळच्या क्लिशी या खेड्याचा धर्मग्राम त्यांच्याकडे आला, आणि गरीब श्रद्धावंतांच्या सहवासांत त्यांचें मन पालटूं लागलें. १६१३ मध्यें गोंदी नांवाच्या बड्या सरदार घराण्यांत मुलांचे शिक्षक म्हणून ते राहिले. या घराण्याच्या जहागिरींतील खेडुतांची आध्यात्मिक उपासमार पाहून त्यांचें अंतःकरण कळवळलें, व १६१७ च्या जानेवारींत फोलव्हिल येथें त्यांनीं दिलेल्या उपदेशानें लोकांच्या झुंडी पापनिवेदनासाठीं लोटल्या. खेड्यांतील आत्म्यांची भूक त्यांनीं त्या दिवशीं पाहिली. खेड्यांतील देहांची भूक त्याच वर्षीं त्यांच्या दृष्टीस पडावयाची होती.

सरदारवाड्यांतील सुखाचा त्यांस वीट आला होता. त्याच १६१७ सालीं ते लियों शहराच्या बाजूस असलेल्या शातियों-ले-दोंब नांवाच्या गांवीं धर्मगुरु म्हणून गेले. ता. २० ऑगस्ट, रविवारचा दिवस होता. पवित्र मिस्साबलीसाठीं ते वस्त्रें परिधान करीत असतां कोणी येऊन त्यांस सांगितलें कीं, गांवाबाहेर पाऊण मैलावर एका घरांतील सर्व माणसें आजारी पडलीं आहेत. दुसऱ्यास पाणी देण्यास उठूं शकेल असें एकहि माणूस तेथें राहिलेलें नाहीं.

वाचकहो, या बातमीचा अर्थ नीट पाहा. बाप आजारी पडला तर आई घर सांभाळते. आई पडली तर थोरली मुलगी चुलीपुढें बसते. ईश्वरानें कुटुंबाची रचनाच अशी केली आहे कीं, एकाचा भार दुसऱ्यानें उचलावा. पण जेथें भार उचलणारे सर्वच खालीं पडले, तेथें त्या कुटुंबाचें कुटुंब कोणीं व्हावें? व्हिन्सेंट यांनीं तो प्रश्न तसाच वेदीपुढें नेला. उपदेशांत त्यांनीं त्या घराची हकीकत सांगितली, आणि लोकांचीं मनें द्रवलीं.

सायंप्रार्थनेनंतर एका सद्गृहस्थास बरोबर घेऊन ते त्या घराकडे निघाले. वाटेंत पाहतात तों काय! स्त्रियांच्या रांगाच रांगा त्या घराकडे चालल्या होत्या, कांहीं परतत होत्या, आणि उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळें कित्येक जणी दमून रस्त्याच्या कडेला विसावल्या होत्या. जणूं जत्राच लोटली होती. घरांत अन्नाचा ढीग पडला होता. दुसरा एखादा उपदेशक आपल्या वाणीचा हा प्रभाव पाहून धन्य झाला असता. व्हिन्सेंट यांस आनंद झाला खरा. पण आजाऱ्यांचें समाधान करून परततांना त्यांच्या मनांत निराळाच विचार चालला होता. या लोकांचें प्रेम मोठें आहे, परंतु त्या प्रेमास व्यवस्था नाहीं. आज या घरांत इतकें अन्न आलें आहे कीं त्यांतील पुष्कळसें नासून जाईल. आणि थोड्याच दिवसांत हीं माणसें पुन्हां पहिल्यासारखींच उपाशी राहतील.

या संताच्या साऱ्या आयुष्याची किल्ली आमच्या मतें याच विचारांत आहे. लोकांस दया नाहीं, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. दया होती; तिला क्रम नव्हता. दुखणें दोन महिन्यांचें आणि शेजाऱ्यांचा कळवळा दोन दिवसांचा, हें दुःख शातियों गांवापुरतें नाहीं.

तीनच दिवसांनीं, ता. २३ ऑगस्ट रोजीं, त्यांनीं गांवांतील कांहीं स्त्रियांस एकत्र बोलाविलें. त्यांत खानदानी घराण्यांतल्या होत्या तशा साध्या घरच्याहि होत्या. प्रत्येकीनें आपापल्या पाळीच्या दिवशीं आजाऱ्यांची सेवा करावी असें ठरलें. त्या एका घरापुरतें नव्हे, तर पुढें जें जें घर असें संकटांत पडेल त्या प्रत्येकासाठीं. व्हिन्सेंट यांनीं स्वतः नियमावली लिहिली. लियोंच्या धर्मप्रांताकडून २४ नोव्हेंबर रोजीं तिला मान्यता मिळाली, आणि ८ डिसेंबर १६१७ रोजीं, अमलोद्भव मातेच्या सणाच्या दिवशीं, या प्रेमसेवामंडळाची विधिपूर्वक स्थापना झाली.

ती नियमावली वाचतांना असें वाटतें कीं, ती धर्मगुरूनें लिहिली कीं एखाद्या कर्त्या गृहिणीनें! मंडळाची एक प्रमुख असावी, एकीनें पैशांचा हिशेब ठेवावा, जमाखर्च वेळोवेळीं सर्वांपुढें मांडावा. जो खरोखर गरजू आहे त्यासच मंडळाच्या सेवेंत घ्यावें. जिची पाळी असेल तिनें स्वयंपाक करून तो आजाऱ्याकडे न्यावा. हसतमुखानें त्याची विचारपूस करावी. बिछान्यावर पाट मांडून त्यावर स्वच्छ रुमाल अंथरावा, पेला, चमचा व भाकरी ठेवावी. त्याचे हात धुवावे, प्रार्थना म्हणावी, मग सूप व मांस वाढावें. मांस किती, भाकरी किती, उपवासाच्या दिवशीं मांसाऐवजीं अंडीं व लोणी, हेंहि त्यांत लिहिलेलें आहे. आजाऱ्यास प्रेमानें आग्रह करून खाऊं घालावें. आणि हें सारें असें करावें कीं जणूं आपल्या पोटच्या मुलासच, किंबहुना प्रभु येशूसच, आपण जेवूं घालीत आहों.

या नियमांतील तीन बारकावे आम्हांस विशेष हृदयस्पर्शी वाटतात. पहिला असा कीं, ज्यांच्याजवळ कोणी माणूस आहे त्यांच्याकडे आधीं जावें, आणि जे अगदीं एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटीं जावें; म्हणजे त्यांच्यापाशीं अधिक वेळ बसतां येईल. आजाऱ्याची भूक अन्नाचीच नसून माणसांची असते, हें व्हिन्सेंट यांनीं ओळखलें होतें. दुसरा असा कीं, जे हलूंहि शकत नाहींत व ज्यांस कोणी नाहीं, त्यांची राखण करण्यासाठीं गरीब पण सच्छील अशा दोन स्त्रिया नेमाव्या व त्यांस योग्य मोबदला द्यावा. फुकट सेवेवर सर्व भार टाकूं नये. जी बाई रात्र जागते तिच्या घरींहि चूल पेटली पाहिजे. आणि तिसरा असा कीं, आजारी मनुष्य बरा झाला म्हणजे त्यास सेवेंतून मोकळें करण्याचा निर्णय प्रमुखेनें आपल्या सहकारिणींच्या सल्ल्यानें घ्यावा. म्हणजे सेवा केव्हां संपते? सेवा करणारा कंटाळतो तेव्हां नव्हे, तर आजारी उठून उभा राहतो तेव्हां.

त्याच वर्षाच्या अखेरीस गोंदी घराण्याच्या आग्रहावरून व्हिन्सेंट यांस पॅरिसला परतावें लागलें. पण शातियों येथें लागलेलें रोप त्यांनीं आपल्याबरोबर नेलें. ज्या ज्या खेड्यांत ते उपदेशासाठीं जात, तेथें तेथें असें मंडळ स्थापन केल्याशिवाय ते गांव सोडीत नसत. कांहीं ठिकाणीं पुरुषांचींहि मंडळें निघालीं, व गरीब मुलांस धंदा शिकविण्याची व्यवस्था त्यांनीं अंगावर घेतली. १६२५ सालीं खेड्यापाड्यांत सुवार्ता सांगण्यासाठीं व्हिन्सेंट यांनीं धर्मगुरूंचा एक संघ स्थापन केला.

याच सुमारास त्यांच्याकडे मार्गदर्शनासाठीं एक स्त्री आली, जिला आजारी घराचें दुःख पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. लुईझ दि मारियाक हें तिचें नांव. तिचे पति आंत्वान ल ग्रा हे कित्येक वर्षें दुखण्यानें जर्जर झाले होते. दुखण्यानें त्यांचा स्वभावहि चिडखोर झाला होता. घरांत एकुलता मुलगा मिशेल वाढत होता. पतीची शुश्रूषा, मुलाची काळजी आणि स्वतःच्या मनांतील घोर अंधकार अशा तिहेरी ओझ्याखालीं ती वांकून गेली होती. डिसेंबर १६२५ मध्यें पतीचें निधन झालें, तेव्हां मुलगा बारा वर्षांचा होता. व्हिन्सेंट यांनीं तिच्या दुःखास घाईनें काम लाविलें नाहीं. चार वर्षें धीर धरला. मग १६२९ सालीं खेड्यांतील मंडळांची पाहणी करण्यासाठीं त्यांनीं तिला पाठविलें. जिनें आपल्या घरांत रात्री जागून काढल्या होत्या, ती आतां शेंकडों घरांच्या रात्रींचा विचार करूं लागली. तीच पुढें संत लुईझ म्हणून वेदीवर विराजमान झाली.

पॅरिसमध्यें मात्र एक नवीच अडचण उभी राहिली. तेथील मंडळांतल्या श्रीमंत स्त्रिया पैसे सढळ हातानें देत; पण आजाऱ्याच्या माडीवर स्वतः जेवणाचें भांडें नेण्यास कित्येकींस संकोच वाटे, कित्येकींच्या घरच्यांचा विरोध असे. मग त्या आपल्या नोकरांस पाठवीत, आणि नोकर तें काम नाखुशीनें करीत. या वेळीं स्युरेन नांवाच्या खेड्यांतून मार्गरित नासो ही गरीब मुलगी पुढें आली. गुरें राखतां राखतां, वाटेनें जाणाऱ्यांस अक्षरें विचारून, ती आपली आपण वाचावयास शिकली होती व इतर मुलींस शिकवीत होती. ती आजाऱ्यांच्या सेवेस लागली व तिच्यामागून दुसऱ्या मुली आल्या. १६३३ सालीं प्लेगच्या सांथींत एका रोगी मुलीस तिनें स्वतःच्या बिछान्यांत आसरा दिला, व त्याच रोगानें ती देवाघरीं गेली. त्याच वर्षीं २९ नोव्हेंबर रोजीं लुईझ यांच्या घरीं अशा मुलींचा लहानसा समुदाय एकत्र राहूं लागला. हाच प्रेमसेवाकन्यांचा संघ. त्या काळीं धर्मभगिनी म्हटल्या म्हणजे मठाच्या भिंतींआड राहावयाच्या. व्हिन्सेंट यांनीं या कन्यांस भिंतींआड न ठेवतां गल्लीबोळांतून, माड्या चढून, आजाऱ्यांच्या घरांत पाठविलें.

पुढील सर्व कार्याचें वर्णन करावयाचें तर ही स्मरणिका पुरावयाची नाहीं. पॅरिसच्या ओतेल-द्यू या मोठ्या रुग्णालयांतील सेवा, १६३८ पासून टाकून दिलेल्या अर्भकांचा सांभाळ, गलबतांवरील वल्हेकरी कैद्यांची काळजी, युद्धानें उद्ध्वस्त झालेल्या लॉरेन प्रांतास पाठविलेली मदत, हें सर्व एकाच झऱ्याचे प्रवाह होत. प्रत्येक ठिकाणीं पद्धत तीच : आधीं गरज डोळ्यांनीं पाहावयाची, मग माणसें जमवावयाचीं, मग कामाची वांटणी करावयाची, आणि मग तें चिकाटीनें चालवावयाचें.

व्हिन्सेंट यांस स्वतःसहि दुखण्यानें कधीं सोडलें नाहीं. वारंवार ताप येई. पाय सुजत व त्यांवर जखमा होत. अखेरच्या वर्षांत तर त्यांस चालवेनासें झालें. ज्यांस लहानपणीं लंगड्या बापाची लाज वाटली होती, त्यांचे स्वतःचे पाय आतां चालत नव्हते, आणि इतरांच्या हातांचा आधार घेण्यांत त्यांस लाज वाटत नव्हती. १६६० च्या मार्चमध्यें लुईझ निवर्तल्या. त्याच वर्षीं ता. २७ सप्टेंबर रोजीं पॅरिसमधील सें-लाझार या मठांत, खुर्चींत बसल्या बसल्या, व्हिन्सेंट यांनीं देह ठेविला. १७३७ सालीं पोप बारावे क्लेमेंत यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें, व १८८५ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं त्यांस सर्व प्रेमसेवाकार्यांचा आश्रयदाता ठरविलें. १८३३ सालीं पॅरिसमध्यें फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या तरुण सोबत्यांनीं गरिबांच्या घरीं जाऊन भेटी घेण्याचें व्रत घेतलें, तेव्हां आपल्या सभेस त्यांनीं याच संताचें नांव दिलें. त्या सभेच्या शाखा आज आपल्या मुंबईवसईकडच्या धर्मग्रामांतूनहि काम करीत आहेत.

आतां या चरित्राचा आपल्याशीं काय संबंध, तें थोडक्यांत सांगून लेखणी आवरतों. आपल्या धर्मग्रामांतील माणसें निष्ठुर नाहींत. शातियोंचीं माणसेंहि नव्हतीं. एखाद्या घरांत कर्ता पुरुष हृदयविकारानें पडला, अथवा माउलीस कर्करोगाचे उपचार सुरू झाले, कीं पहिल्या आठवड्यांत दारापुढें चपलांचा ढीग होतो, आणि कांहीं लागलें तर कळवा, असें सांगून प्रत्येक जण जातो. परंतु आजारी घर कधीं कळवीत नाहीं. त्यास मागण्याचा संकोच असतो, व काय मागावें याचा विचार करण्याइतकीहि शक्ति त्यांत उरलेली नसते. आणि खरी ओढाताण पुढें येते. शस्त्रक्रिया झालेली असते, रोगी घरीं आलेला असतो, लोक समजतात कीं संकट टळलें. पण त्यास अजून काम झेपत नाहीं, पगार सुरू झालेला नाहीं, मुलांची परीक्षा तोंडावर आहे. बरें होण्याचा हा काळ दुखण्याहून लांब असतो, आणि त्याच काळांत दारापुढच्या चपला दिसेनाशा होतात.

पूर्वीं एकत्र कुटुंबांत काकू, आत्या, आजी हा भार आपोआप उचलीत. आतां घरें लहान झालीं, लेकीसुना नोकरीस जाऊं लागल्या, मुलगे परदेशीं गेले. म्हणून शातियोंची ती पाळी आज आपणांस अधिकच अगत्याची आहे. एका वाड्यांतील सातआठ घरांनीं एकत्र यावें. एका घरानें सोमवारचा डबा द्यावा, दुसऱ्यानें मंगळवारचा. एकानें मुलांस शाळेंत पोंचवावें, एकानें रोग्याबरोबर दवाखान्यांत जावें, एकानें औषधांच्या बिलांचा व सरकारी मदतीच्या अर्जांचा पाठपुरावा करावा, आणि एकानें या सर्वांचा मेळ ठेवावा. यांत कोणाहि एकावर फार भार पडत नाहीं. आणि आजाऱ्यास मात्र उद्यां कोण येणार आहे हें ठाऊक असतें. उद्यांची ही खात्री औषधाइतकीच गुणकारी असते. आणि हें सारें मुलांच्या देखत, अदबीनें व्हावें. आपल्या दुबळ्या झालेल्या आईबापांची शेजारी कशी बूज राखतात हें जीं मुलें पाहतात, त्यांस आपल्या आईबापांची लाज वाटत नाहीं.

महोत्सवाचीं तोरणें उतरतील, बँड थांबेल, ही स्मरणिकाहि कपाटांत जाईल. परंतु या वर्षाची आठवण म्हणून प्रत्येक वाड्यांत अशी एकेक पाळी सुरू झाली, तर तीच आपल्या ज्युबिलीची खरी स्मरणिका होईल. प्रभु येशूच्या कृपेनें व संत व्हिन्सेंट यांच्या मध्यस्थीनें, आपल्या धर्मग्रामांतील कोणतेंहि आजारी घर एकटें न राहो, हीच आमची प्रार्थना.